उपासाचा डबा

"भाभीजी, बुरा मत मानिए, पर आप शराब लेती हैं?"

डॉक्टरांनी हे इतक्या साध्या आवाजात विचारलं, की प्रश्न आपल्याला आहे हे यमुनाला आधी कळलंच नाही. तिनं शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे तिचे यजमान भगवानराव बसले होते. डोळे हळदीसारखे पिवळे, गाल बसलेले, पोट मात्र पाणी भरल्यानं नगाऱ्यासारखं. त्या अवस्थेतही त्यांना हसू आवरेना.

"घेत असेल तर मला चोरून घेते," ते म्हणाले आणि डॉक्टरांकडे वळले. "मेरे को कभी पूछा नहीं।"

यमुनाच्या कानशिलांतून गरम वाफ निघाली. खोकल्याच्या औषधाला जरा उग्र वास आला तर बाटली परत ठेवणारी बाई ती. सकाळी दत्ताच्या तसबिरीपुढे पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय तोंडात पाणी घालत नाही. आणि हा माणूस विचारतो दारू घेता का.

डॉक्टरांनी त्यांच्यासमोरचा सोनोग्राफीचा पडदा तिच्याकडे वळवला. करड्या ढगासारखं काहीतरी दिसत होतं. "हे तुमचं लिव्हर. इतकं पांढुरकं दिसायला नको. ही सगळी चरबी आहे. दारू पिणाऱ्यांचं असं होतं, म्हणून विचारलं. न पिणाऱ्यांचंही होतं, खाण्यापिण्यानं. साखरही तुमची काठावर आली आहे." मग ते जरा थांबले. "असं लिव्हर दुसऱ्याला बसवता येत नाही. अंकलजींना तर नाहीच."

यमुनाच्या पायाखालची फरशी सरकली ती इथे. दारूचा प्रश्न ती तेवढ्यात विसरली.

भगवानरावांना तरुणपणी कावीळ झाली होती. ती बरी झाली असं सगळे समजून चालले, पण तिचा विषाणू आत बसून राहिला आणि वर्षानुवर्षं लिव्हर पोखरत गेला. आता ते बदलण्यावाचून इलाज नव्हता. घरच्या माणसानं आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा, देणाऱ्याचं पुन्हा वाढतं, घेणाऱ्याचं जगणं होतं. एकुलत्या मुलीचा, मयूरीचा, रक्तगट जुळेना. यमुनाचा जुळला. त्या दिवशी तिनं देवापुढे साखर ठेवली होती. इतकी वर्षं उपास केले ते देवानं पाहिले, असं तिला वाटलं होतं.

आता उपासांचं सांगायला हवं, कारण यमुनाची ओळखच ती होती. भुसावळहून भगवानरावांची बदली जयपूरला झाली तेव्हा मयूरी कडेवर होती. खातीपुऱ्याच्या रेल्वे वसाहतीत मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. यमुनाला हिंदी धड येत नव्हतं. पण तिच्या हाताची साबुदाण्याची खिचडी दाण्याला दाणा न चिकटता मोकळी व्हायची, आणि तिच्या ओळखी त्या खिचडीवर झाल्या. महाशिवरात्रीला, आषाढीला मंडळाच्या बायका आपापली पातेली घेऊन तिच्याकडे यायच्या. राजस्थानी शेजारणी तिला ‘साबूदाने वाली भाभी’ म्हणायच्या. तिला ते आवडायचं. परक्या गावात माणसाला काहीतरी नाव लागतं.

सोमवार तर लग्नाआधीपासूनचा. त्यात दोन्ही एकादशा, संकष्टी. यजमान आजारी पडल्यावर तिनं दत्ताचा गुरुवार बोलला आणि मारुतीचा शनिवारही. पुढे पुढे घरात जेवणाचे दिवस कमी आणि उपासाचे जास्त झाले. आणि अंग मात्र सुटत गेलं. ब्लाउजच्या शिवणी उसवून झाल्या, मग नवे शिवून झाले. भगवानराव म्हणायचे, "अगं, हा उपास आहे की बारसं?" ती म्हणायची, "बोला, बोला. तुमच्याचसाठी चाललंय सगळं." वसाहतीतल्या बायका म्हणायच्या, थायरॉइड असेल बाई, एवढे उपास करून कुणी असं फुगतं का. तिलाही तसंच वाटायचं. थायरॉइड तपासून झालं. ते ठणठणीत निघालं.

डॉक्टर म्हणाले, "दीड-दोन महिने अंकलजींना आपण औषधांवर सांभाळू. त्या मुदतीत तुमची चरबी उतरली तर करू. नाही तर रांगेत वाट पाहायची, कुणाचं दान मिळतंय का. रांग फार लांब आहे."

त्यांनी तिला आहाराचा सल्ला देणाऱ्या बाईंकडे पाठवलं. सोनम नावाची मुलगी, सांगानेरची, अंगावर तिकडच्याच ठशांचा कुर्ता. बोलायला गोड.

"आंटीजी, दिवसातून किती वेळा जेवता?"

"ज्या दिवशी जेवते त्या दिवशी दोनदा. उपासाला काही नाही."

"काही म्हणजे काहीच नाही?"

"फक्त फराळ."

"अच्छा, फलाहार." सोनमनं मान डोलावली. "फळं चांगलीच आहेत. केळं, चिकू जरा बेतानं. चपाती, भात कमी करा. साखर बंद. रोज चालायला जा."

आणि दोघी आपापल्या समजुतीत खूश राहिल्या. फराळ म्हटल्यावर यमुनाच्या डोळ्यांपुढे तिची लोखंडी कढई होती आणि सोनमच्या डोळ्यांपुढे पपईच्या फोडी. एका शब्दाचा फरक, पण तो कुणाच्या लक्षात यायला हवा होता?

घरी येताना यमुनानं मनाशी ठरवलं, चपाती-भात कमी करायचे ना, मग रोजच उपास धरू. वजन उतरेल, पुण्यही लागेल. रविवार देवीला दिला, मंगळवार गणपतीला. मधल्या वारांनाही काही ना काही सापडलं. सकाळी खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, चार वाजता राजगिऱ्याचा लाडू, संध्याकाळी रताळं तुपावर परतून गुळाबरोबर. चहातली साखर तिनं सोडली, सोनमला शब्द दिला होता. पहाटे उठून ती मैदानाला फेऱ्या घालायची, ओठांवर नामस्मरण. धान्याचा कण पोटात जात नव्हता. मयूरी म्हणाली, "आई, मतलब तू इतनी भुकी कशी राहतेस?" मुलीचं मराठी असंच होतं, निम्मं इकडचं, निम्मं तिकडचं. यमुना म्हणाली, "भूक लागते ना. फार लागते. पण देव परीक्षा बघतो."

भूक खरंच लागायची. जेवणाच्या दिवशी लागायची नाही इतकी. सकाळी पोटभर खिचडी खाऊन भांडी आवरेपर्यंत पोटात पुन्हा खड्डा. हात थरथरायचे. मग ती वाटीभर दाणे-गूळ खायची आणि देवाची क्षमा मागायची.

पुढच्या भेटीचा दिवस गुरुवार होता. यमुना वजनकाट्यावर उभी राहिली ती ताठ मानेनं, पेपर सोडवून आलेल्या मुलीसारखी. सोनमनं आकडा पाहिला, तिला खाली उतरून पुन्हा चढायला सांगितलं. चप्पल काढायला सांगितली. पर्स ठेवायला सांगितली.

"आंटीजी, वाढलंय."

"काटा बिघडला असेल."

सोनम स्वतः चढून उतरली. काटा ठीक होता.

"आंटीजी, मला खरं सांगा. रागावणार नाही. काही लपवून खाता का?"

यमुनाच्या डोळ्यांत पाणी आलं. आधी दारुडी, आता चोर. ती म्हणाली, "बेटा, दोन आठवडे मी अन्नाला शिवले नाही. आजही गुरुवार आहे. सकाळपासून अन्नाचा कण नाही. बाहेर हे बसलेत त्यांना विचार." आणि तिची ती नेहमीची वेळ झाली होती, हात थरथरायला लागले होते. सोनमला ते दिसलं. ती घाबरली, म्हणाली, "अरे, आधी काहीतरी खाऊन घ्या. आणलंय काही?"

"उपासाचा डबा आहे ना."

यमुनानं पिशवीतून डबा काढला. झाकण उघडलं तसा तुपाचा आणि जिऱ्याचा वास खोलीभर पसरला. चांगला दोन खणी डबा. खालच्यात शिगोशिग खिचडी, मोत्यासारखी मोकळी, बटाट्याच्या फोडी तुपानं चकाकणाऱ्या, वर दाण्याचं कूट, ओलं खोबरं. वरच्या खणात दोन साबुदाणे वडे आणि राजगिऱ्याचा लाडू. यमुनानं सवयीनं डबा आधी सोनमपुढे केला. "घे. फराळाला नाही म्हणू नये."

सोनमनं डब्याकडे पाहिलं, मग यमुनाकडे, मग पुन्हा डब्याकडे.

"ये... ये व्रत है?"

"हो. फराळ."

"मला वाटलं फलाहार. फळं." सोनम खुर्चीत मागे टेकली. "आंटीजी, आमच्याकडे व्रताला दादी एकच वेळ खाते. आणि तुम्ही हे रोज? तीन वेळा?"

"तीनदा नाही. मधे मधे थोडं थोडं."

सोनमनं कपाळाला हात लावला. ती रागावली नाही, तिचा चेहराच पडला होता. तिनं खुर्ची जवळ ओढली आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. साबुदाणा म्हणजे कंदातला निव्वळ पिठूळ भाग, त्यात ना धड प्रथिनं, ना चोथा. पोटात गेला की बघता बघता त्याची साखर होते. जोडीला बटाटा, तोही तसाच. साखर झपाट्यानं चढली की ती उतरवायला शरीर धावतं, आणि धावता धावता कधी जास्तच उतरवतं. मग हात थरथरतात आणि पुन्हा भूक लागते. तूप आणि दाणे वरून. आणि चालून, काम करूनही जे खर्ची पडत नाही त्याची चरबी करून शरीर साठवतं. पोटावर साठवतं, लिव्हरमध्येही साठवतं.

"म्हणजे मला जी भूक लागायची..."

"ती या डब्यानं लागायची, आंटीजी. देवानं नाही."

यमुना डब्याकडे बघत राहिली. तिला वाटत होतं आपल्या पोटातली ती कळ म्हणजे तप आहे. ती कळ घेऊन ती दत्ताला म्हणायची, हे माझ्या धन्यासाठी सोसतेय, बघ. आणि ते सोसणं वाटी वाटीनं तिच्या लिव्हरमध्ये जाऊन बसलं होतं, नेमकं तिथे, जिथून तुकडा द्यायचा होता. तिनं झाकण लावलं. दोनदा चुकीचं बसलं, मग लागलं.

सोनम म्हणाली, "दोन आठवडे गेले आपले. चूक माझीही आहे, मी नीट विचारलं नाही. पण लिवर बड़ा भोला होता है, आंटीजी. सगळ्यांचं नाही, पण बहुतेकांचं लवकर ऐकतं. फक्त हे व्रत बंद करावं लागेल."

‘बंद’ या एका शब्दानं यमुना पुन्हा हादरली. रिक्षात भगवानरावांनी विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. ते हसतील असं तिला वाटलं. ते हसले नाहीत. सगळ्यात जास्त भीती तिला त्याचीच वाटली.

घरी आल्यावर ती देवापुढे बसली. बोललेला गुरुवार कसा मोडायचा? मोडला आणि ह्यांना काही झालं तर? न मोडला तरी ह्यांना होणारच आहे. दोन्हीकडून तीच गोष्ट. तिच्या हातातली जपमाळ एकाच मण्यावर अडकून राहिली.

भगवानराव पलंगावरून म्हणाले, "आई काशीला गेली होती ते आठवतं तुला?"

"आत्ता काशी कुठून आली?"

"तिथे म्हणे आवडीची एक वस्तू सोडून यायची असते. आईनं काय सोडलं? कारलं. मी म्हटलं, आई, तुला कारलं कधी आवडलं गं? ती म्हणाली, गप बस, देवाला काय माहीत."

यमुनाला हसू आलं आणि ते मध्येच तुटलं.

"तू अन्न सोडलंस म्हणतेस," ते दम घेत घेत म्हणाले. बोलताना त्यांना धाप लागायची. "अगं, तुला पोळी कुठे आवडते? भात कुठे आवडतो? लग्न झाल्यापासून बघतोय, सोमवार आला की तुझ्या तोंडावर कळा येते. तू कारलंच सोडत होतीस."

हे वाक्य दुसऱ्या कुणी बोललं असतं तर तिनं त्याचं तोंड पुन्हा पाहिलं नसतं. पण ते खरं होतं. रविवारी संध्याकाळी साबुदाणा भिजवताना तिला जो आनंद व्हायचा तो भक्तीचा आहे असं ती समजत होती. आज तिला कळेना त्यात देव किती होता आणि खिचडी किती.

ती उठली. स्वयंपाकघरात जाऊन साबुदाण्याचा मोठा डबा घेऊन आली, तो तसाच तसबिरीपुढे ठेवला. हात जोडले. मनात म्हणाली, महाराज, वार मी मोडत नाही. वार तुमचेच. पण त्या दिवशी मी धान्य सोडत होते, ते आता परत घेते. त्याच्याबदली हा घ्या. हा मला फार आवडतो. आयुष्यभरासाठी घ्या.

दुसऱ्या दिवशी डबा समोरच्या अमिता भाभीकडे गेला. ती दारातच उभी राहिली. "भाभी, आप? साबूदाना? सब ठीक तो है?" कुणी दागिने वाटायला काढलेले पाहावेत तसा तिचा चेहरा झाला होता.

पहिले दिवस वाईट गेले. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. सोमवारी सकाळी कढई दिसली की तोंडाला पाणी सुटायचं. सोनमनं सांगितलं होतं तसं ती ज्वारीची भाकरी, मुगाचं घट्ट वरण, पालेभाजी, ताक असं घेत होती, बेताचं पण पोटात टिकेल असं. उपासाच्या वारी तेच, पण एकाच वेळी, देवाला दाखवून. सकाळी नुसतं ताक आणि मूठभर भिजवलेले हरभरे. हरभरे खाताना पहिल्या गुरुवारी तिला रडू आलं. उपासाला हरभरे. भुसावळला कळलं तर वाळीत टाकतील.

मग एक दिवस अकरा वाजून गेले आणि ती धुण्याच्या बादलीपाशी दचकून थांबली. पोटात खड्डा नव्हता. हात थरथरत नव्हते. तिला आठवेना शेवटचं असं कधी झालं होतं. ती इतकी घाबरली, की तिनं मयूरीला हाक मारली. "मला भूक लागत नाहीये गं. मलाही काही झालं की काय?"

मयूरीनं सोनमला फोन लावला. पलीकडून सोनम इतकं हसली, की फोन कानापासून लांब धरावा लागला. "आंटीजी, काही झालेलं नाही. पोट भरलं की असंच होतं सगळ्यांना."

सगळ्यांना असंच होतं, हे यमुनाला चाळिशी ओलांडल्यावर कळत होतं.

पुन्हा पडद्यासमोर बसायचा दिवस आला, तोवर भगवानरावांचं पोटातलं पाणी दोनदा काढून झालं होतं. आता तेही फारसे विनोद करत नव्हते. डॉक्टरांनी यंत्र फिरवलं, थांबले, पुन्हा त्याच जागी फिरवलं. शेजारच्या दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. यमुनानं डोळे मिटून घेतले होते. पोथीतली एकही ओळ आठवत नव्हती, नुसतंच महाराज, महाराज.

"क्या किया आपने?" डॉक्टर म्हणाले.

तिनं डोळे उघडले. तिला वाटलं पुन्हा काही चूक निघाली.

"बरंचसं उतरलंय. साखरही खाली आली. अजून थोड्या तपासण्या करू, पण यातून घेता येईल." ते तिच्याकडे बघत होते. "इतकं मलाही वाटलं नव्हतं. औषध काही घेतलंत?"

"नाही. सोडलं," यमुना म्हणाली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. योगायोग असा, की त्या दिवशी एकादशी होती. संध्याकाळी कॅन्टीनचा माणूस झाकलेली थाळी घेऊन आला, मोठ्या अदबीनं म्हणाला, "माताजी, आपका व्रत लिखा था, तो स्पेशल बनवाया है।" त्यानं झाकण उचललं. साबुदाण्याची खिचडी. वाफाळलेली, वर कोथिंबीर, कडेला दही.

भगवानरावांनी मान वळवून पाहिलं. "आली बघ तुझी सवत," ते म्हणाले. "निरोप घ्यायला आली असेल."

"गप बसा हो. उद्या पोट फाडायचंय तुमचं."

"तुझंही."

यमुना थाळीकडे बघत राहिली. खिचडी जरा चिकट झाली होती, साबुदाणा नीट भिजला नव्हता, हे तिला लांबूनच दिसलं. ती तोंडाला पाणी सुटायची वाट बघत होती. सुटलं नाही. याचा तिला इतका धक्का बसला, की तिनं मुद्दाम वाकून वास घेतला. तरी नाही.

नर्स डोकावून म्हणाली, "जे काय हलकं खायचं ते आत्ता. मग दोघांनाही उद्यापर्यंत पाणीसुद्धा नाही."

"म्हणजे आता खरा उपास," भगवानराव म्हणाले. "जोडीनं."

यमुनानं हात जोडल्यासारखं केलं आणि थाळी उचलून मयूरीच्या हातात दिली. सकाळपासून पोरगी वेफर्सच्या पाकिटावर होती.

"घे. पण अर्धीच खा."

"अर्धीच? इतकी भूक लागलीये, आई."

"अर्धीच," यमुना म्हणाली. "आणि पिशवीत भाकरी आहे. आधी ती खा."